पाण्यात उतरण्याआधीचा मुष्टियोद्धा

१९६४ हे साल मुष्टियोद्ध्यांचं होतं. फेब्रुवारीत मायामीला सातव्या फेरीची घंटा झाली आणि जगज्जेता सनी लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. समोर बावीस वर्षांचा कॅशिअस क्ले हात उंचावून नाचत होता. थोड्याच दिवसांत त्याने मुहम्मद अली हे नाव घेतलं. ऑक्टोबरात टोकियो ऑलिंपिकमध्ये हेवीवेटचं सुवर्णपदक जो फ्रेझरने पटकावलं. मूळ संघात त्याला जागाच नव्हती. निवड चाचणीत त्याला हरवणारा बस्टर मॅथिस जखमी झाला म्हणून फ्रेझर गेला आणि डाव्या हाताचा अंगठा मोडलेला असताना अंतिम लढत ३-२ अशी काढून आला.

त्याच वर्षी, त्याच टोकियोत, सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत भारताकडून विशीच्या उंबरठ्यावरचा एक जवान रिंगमध्ये उतरला. हुद्दा क्राफ्ट्समन, दल ईएमई, म्हणजे सैन्याच्या गाड्या, रणगाडे आणि यंत्रं दुरुस्त करणारं दल, गाव पेठ, तालुका वाळवा, जिल्हा सांगली. नाव मुरलीकांत राजाराम पेटकर.

क्ले आणि फ्रेझर पुढे पैशांसाठी लढले, गाजले आणि १९७१ मध्ये एकमेकांसमोर उभे ठाकले. पेटकरांचं बॉक्सिंग मात्र टोकियोनंतर वर्षभरातच संपलं. आज त्यांचं नाव निघतं ते पोहण्यासाठी. १९७२ मध्ये अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी जिंकलेलं सुवर्णपदक हे भारताचं अशा स्पर्धेतलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. २०२४ च्या ‘चंदू चॅम्पियन’ या हिंदी चित्रपटाने ते घरोघरी पोचवलं. पण कमरेखालचं शरीर निकामी झालेला माणूस त्या जलतरण तलावाच्या काठापर्यंत पोचला कसा, याचं उत्तर शोधायचं तर पोहणाऱ्या पेटकरांना थोडं थांबवून आधी बॉक्सर पेटकरांना गाठावं लागतं.

पेठ हे पुणे-बंगळूर रस्त्यावरचं गाव. शेजारी इस्लामपूर, थोडं उत्तरेला कराड. १ नोव्हेंबर १९४४ ला मुरलीकांत इथे जन्मले. ते सात-आठ वर्षांचे असताना कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने जिंकलेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्याच कवठेपिराणच्या मारुती मान्यांनी सुवर्णपदक मिळवलं. अशा मुलखात पोरगं तालमीत गेलं नाही तरच लोक विचारणार. पहाटे जोर-बैठका, लाल मातीत घुसळण, जत्रेच्या फडात चार आण्यापासून सुरू होणाऱ्या कुस्त्या आणि डोक्यावर बांधलेला फेटा, हीच त्या भागातल्या पोरांची क्रीडाशाळा होती.

मुरलीच्या आयुष्याला कलाटणी मिळाली तीही कुस्तीतच. पेटकरांनी मुलाखतींत हा किस्सा पुष्कळदा सांगितला आहे. बारा वर्षांचा असताना त्याने गावातल्या एका वजनदार घरच्या मुलाला चीत केलं. कौतुक राहिलं बाजूला, मारामारीच सुरू झाली. जिंकलेल्या पोराला गावात राहणं अवघड झालं आणि तो गावाबाहेर पडला. वाट त्याला सैन्यात घेऊन गेली. त्या काळी सैन्य पोरसवदा मुलांनाही आपल्या खास तुकडीत घेई. तिथे शिक्षण, कवायत, धंद्याचं प्रशिक्षण आणि दोन वेळचं पोटभर जेवण मिळे. पेठचा मुरली अशा रीतीने ईएमईचा झाला.

साधारण त्याच सुमाराला, १९५४ मध्ये, अमेरिकेतल्या लुइव्हिल गावात बारा वर्षांच्या कॅशिअस क्लेची सायकल चोरीला गेली होती. चोराला बदडून काढीन असं तो रडत-ओरडत सांगत सुटला, तेव्हा जो मार्टिन नावाच्या पोलिसाने त्याला विचारलं, आधी लढायला तरी येतं का? मार्टिन मुलांना बॉक्सिंग शिकवायचा. सहा वर्षांत तो पोरगा रोम ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन परतला आणि त्याच सालात धंदेवाईक झाला. दोन बारा वर्षांची मुलं, दोघांच्याही अंगात रग. एकाला पोलिसाने हेरलं, दुसऱ्याला फौजेने. फरक पुढच्या दाराचा होता. अमेरिकेतल्या हौशी बॉक्सरला पदकानंतर लाखो डॉलरचं दार उघडायचं. भारतातल्या हौशी बॉक्सरसाठी पदकानंतर पुन्हा युनिट, पुन्हा पहाटेची धाव आणि फार तर एखादी बढती.

ईएमईचं केंद्र सिकंदराबादला. तिथे मुरलीकांत आधी हॉकीकडे वळले. तो काळच हॉकीचा होता. हॉकीच्या संघात असणं म्हणजे पलटणीत मान. त्यांची निवड झाली नाही. मग त्यांनी हातमोजे चढवले. पुढे आयुष्यात हेच पुन्हा पुन्हा घडलेलं दिसतं. एक दार लागलं की पेटकर तिथे ताटकळत उभे राहत नाहीत. शेजारचं दार ढकलून बघतात.

भारतात हौशी बॉक्सिंगचं घर म्हणजे सैन्य. हा खेळ इंग्रज शिपायांबरोबर छावण्यांत आला आणि तिथून बंदरांच्या शहरांत पसरला. मुंबई इलाख्यात १९२५ मध्ये हौशी मुष्टियुद्धाची संघटना उभी राहिली. १९४९ मध्ये देशपातळीवरचा महासंघ स्थापन झाला तोही मुंबईतच. शहरात अँग्लो-इंडियन, पारशी, गोवेकर मुलं, रेल्वेवाले आणि गोदीवाले हा खेळ खेळत. खेळाडू सातत्याने घडवण्याची यंत्रणा मात्र फौजेपाशीच होती. १९६२ च्या जकार्ता स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारे पदमबहादूर मल्ल सैन्यातले. १९६६ आणि १९७० अशा लागोपाठ दोन आशियाई स्पर्धांत हेवीवेटचं सुवर्ण नेणारे हवा सिंग सैन्यातले. हरियाणातल्या भिवानीला ज्या हवा सिंगांमुळे पुढे ‘बॉक्सिंगचं गाव’ ही ओळख मिळाली, त्यांनीही पहिला ठोसा मारला तो छावणीतच.

सैन्यालाच हे जमायचं याला कारणं होती. बॉक्सरला वेळेवर खाणं लागतं, तेही वजनाच्या काट्याकडे बघत. रोज पहाटे पाच-सात मैल धावणं लागतं. मुख्य म्हणजे अंगावर मार घ्यायला तयार असलेले जोडीदार लागतात, तेही रोज. शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरात यातलं काहीच परवडत नाही. छावणीत हे सगळं हुकमाने मिळतं. शिवाय युनिटायुनिटांत चुरस. आपल्या युनिटचा बॉक्सर रिंगमध्ये असेल तर कमांडिंग ऑफिसरपासून लंगरच्या स्वयंपाक्यापर्यंत सगळे दोरीभोवती. जिंकला तर दुसऱ्या दिवशी जेवणात अंडी वाढणार, हरला तरी उद्या पहाटे धाव चुकणार नाही.

त्या काळची हौशी लढत उघडीवाघडी असायची. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. डोक्याला संरक्षक टोप नाही. तो ऑलिंपिकमध्ये आला १९८४ मध्ये. अंगात बिनबाह्यांची बनियन, कमरेला चड्डी, दातांत रबराची पट्टी. हातमोजे चढवण्याआधी हातांना पट्ट्या गुंडाळायच्या: मनगटाला वेढे, मग अंगठ्यावरून पंजाला, मग बोटांच्या सांध्यांवर. पट्टी ढिली बांधली तर मनगट मुरगळतं, घट्ट बांधली तर मूठ वळत नाही. एवढ्या तयारीनंतर लढायला मिळतात जेमतेम नऊ मिनिटं. धंदेवाईक लढतीत पंधरापर्यंत फेऱ्या असायच्या, तिथे सुरुवातीच्या दोन-चार फेऱ्या प्रतिस्पर्ध्याचा अंदाज घ्यायला सोडता येतात. हौशी बॉक्सरला ती चैन नाही. पहिल्याच मिनिटात मागे पडला तर भरून काढायला वेळ उरत नाही.

ठोसा हाताने मारतात हा बघणाऱ्याचा समज. ज्याने बॉक्सिंग केलं आहे त्याला ठाऊक असतं की ठोसा जमिनीतून निघतो. मागच्या पायाची टाच फिरते, तिच्यासोबत कंबर फिरते, कंबरेचा झटका खांद्यात येतो, आणि हात तो फक्त पोचवतो. खेळाडू दमला की आधी त्याचे पाय जड होतात, हात नंतर. म्हणून प्रशिक्षक मोजे हातात देण्याआधी कित्येक दिवस नुसतं पदलालित्य घोटून घेतात. डावा पाय पुढे, उजवा मागे, टाच उचललेली, पाय कधीही एकमेकांना ओलांडू द्यायचे नाहीत. कुस्तीतल्या पोराला हे आधी विचित्रच वाटतं. तिथे जमिनीला चिकटायचं, इथे जमिनीवर टिकायचंच नाही. मात्र कुस्तीतून आलेल्याला एक मोठा फायदाही असतो: कंबर तयार असते, आणि कुणी अंगावर आलं तर डोळे मिटत नाहीत. पेठच्या तालमीतली ही शिदोरी सिकंदराबादच्या रिंगमध्ये कामाला आली.

१९६४ मध्ये टोकियोच्या स्पर्धेसाठी भारतीय सैन्याच्या संघात त्यांची निवड झाली. गाव सोडून पळालेल्या मुलाच्या छातीवर आता देशाचं नाव होतं. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेलं टोकियो त्या वर्षी ऑलिंपिकसाठी नव्याने सजलं होतं, आणि तिथे विशीत पोचणाऱ्या खेळाडूने पुढच्या ऑलिंपिकची स्वप्नं बघणं साहजिकच होतं. हौशी मुष्टियोद्ध्याचं उमेदीचं वय बावीस ते पंचवीस. पेटकरांच्या हातात ती सगळी वर्षं होती.

ती मिळाली नाहीत. सप्टेंबर १९६५ मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध पेटलं, तेव्हा पेटकर सियालकोट आघाडीकडच्या छावणीत होते. पेटकरांच्या सांगण्याप्रमाणे, जेवणानंतरची वेळ होती. शिट्टी वाजली. काही जवानांना वाटलं चहाची शिट्टी असावी, आणि ते तंबूबाहेर आले. ती हवाई हल्ल्याची सूचना होती. पाकिस्तानी विमानांनी झोडपून काढलेल्या त्या छावणीत पेटकरांच्या अंगात अनेक गोळ्या घुसल्या. त्यातली एक कण्यात. कोसळल्यावर अंगावरून वाहन गेलं ते वेगळंच. वीस वर्षांच्या बॉक्सरचे पाय आणि कंबर, म्हणजे ठोसा जिथून निघतो तो सगळा भागच, त्या दुपारी गेला.

पुढचे कित्येक महिने इस्पितळांत. शेवटी ते मुंबईत कुलाब्याच्या ‘आयएनएचएस अश्विनी’ या नौदलाच्या इस्पितळात आले. तिथे उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आलं.

उपचारात खेळ आला कुठून, हे समजायला थोडं इंग्लंडात डोकवावं लागतं. लुडविग गुटमान हे जर्मनीतले ज्यू मेंदूतज्ज्ञ. नाझींच्या छळामुळे १९३९ मध्ये त्यांनी देश सोडला. युद्धात कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल इथे जो विभाग उघडला, तो त्यांच्या हाती आला. तोपर्यंत असे रुग्ण अंथरुणावर पडून राहत आणि शय्याव्रणांनी किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने लवकर मरत. गुटमान यांनी त्यांना दर काही तासांनी कुशीवर वळवायला लावलं, चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि हातात धनुष्य दिलं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं त्याच दिवशी, त्यांनी इस्पितळाच्या हिरवळीवर १६ अपंग माजी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. त्यात दोन स्त्रिया होत्या. तीच स्पर्धा वाढत वाढत १९६० मध्ये रोमला पोचली आणि पुढे पॅरालिंपिक झाली. तिच्या मुळाशी युद्धातून आलेले तरुण होते. त्यातल्या बहुतेकांना आधी काही ना काही खेळ येत होता.

पेटकर याच वर्गातले. पाण्यात पडल्यावर त्यांच्याकडे काय उरलं होतं, याचा हिशेब मांडण्यासारखा आहे. खांदे होते, पिशवीवर हजारो ठोसे मारून घडलेले. छाती होती, नऊ मिनिटं श्वास पुरवायला शिकलेली. दम लागलेला असताना हात खाली पडू द्यायचा नाही ही रिंगमधली पहिली सवय होती. गेलं होतं ते फक्त कमरेखालचं. क्रॉल पद्धतीने पोहताना पाय फारसा वेग देत नाहीत, पण शरीर आडवं राखतात. पायांत जीव नसेल तर ते लोंबकळतात, शरीराला मागे ओढतात, आणि सगळा भार खांद्यांवर येतो. वेळ काढायचा तर हात जास्त जोरात आणि जास्त वेगाने फिरवणं, एवढाच मार्ग राहतो. बॉक्सरच्या खांद्यांना हे काम नवं नव्हतं.

ते एका खेळावर थांबलेही नाहीत. १९६७ मध्ये महाराष्ट्राच्या अपंगांच्या स्पर्धांत गोळाफेक, भालाफेक, थाळीफेक, टेबल टेनिस, तिरंदाजी अशा एकामागून एक प्रकारांत ते राज्यविजेते झाले. हॉकीत जागा मिळाली नाही तेव्हा बॉक्सिंगकडे गेलेला मुलगाच इथे दिसतो: जे करता येईल ते सगळं करून बघायचं. १९६८ मध्ये तेल अवीवच्या स्पर्धेत भारताने पहिल्यांदा संघ पाठवला, त्यात पेटकर टेबल टेनिस खेळले. १९७० मध्ये एडिंबरोला राष्ट्रकुलातल्या अपंगांची स्पर्धा झाली. तिथे ५० मीटर पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य अशी तिन्ही रंगांची पदकं त्यांनी आणली.

या प्रवासांना पैसा लागायचा, आणि अपंग खेळाडूंना तो देणारं सरकारी खातं जवळपास नव्हतंच. मदतीला आले विजय मर्चंट. कसोटी क्रिकेटमधली कारकीर्द संपल्यावर या मुंबईकर फलंदाजाने अपंगांच्या कामात स्वतःला गुंतवून घेतलं होतं. त्यांच्या संस्थेने पेटकरांच्या परदेशवाऱ्यांचा खर्च उचलला.

मग १९७२. त्या वर्षीचं ऑलिंपिक म्युनिकला होतं, पण अपंगांची स्पर्धा हायडेलबर्गला भरली, २ ते ११ ऑगस्टमध्ये, म्हणजे म्युनिकच्या आधी. जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या गुटमान यांची स्पर्धा जर्मनीतच भरत होती. हजारच्या आसपास खेळाडू, त्यातले पुष्कळसे चाकाच्या खुर्चीत. कण्याची इजा किती वर आहे त्यावरून खेळाडूंचे गट पाडत. पेटकर तिसऱ्या गटात. ५० मीटर मुक्त शैलीत त्यांनी ३७.३३ सेकंदांची वेळ दिली. सुवर्णपदक आणि जागतिक विक्रम एकाच वेळी.

३७ सेकंद म्हणजे बॉक्सिंगच्या एका फेरीचा पाचवा भाग. अंदाज घ्यायला, दम राखून ठेवायला इथेही सवड नाही. त्याच स्पर्धेत ते भालाफेक, अचूक भालाफेक आणि चाकाच्या खुर्चीची अडथळ्यांची शर्यत या प्रकारांतही अंतिम फेरीत पोचले. काही आठवड्यांनी म्युनिकमध्ये मार्क स्पिट्झने सात सुवर्णपदकं जिंकली आणि जगभरची वर्तमानपत्रं त्याच्या छायाचित्रांनी भरली. भारतात बातमी होती हॉकीच्या कांस्यपदकाची. हायडेलबर्गचं सुवर्ण लोकांना कळायला पुढे दशकं जावी लागली. ऑलिंपिकमध्ये भारताला वैयक्तिक सुवर्ण मिळालं ते २००८ मध्ये, अभिनव बिंद्राकडून. पॅरालिंपिकमधलं दुसरं सुवर्ण आणलं देवेंद्र झाझरियाने, २००४ मध्ये. म्हणजे ३२ वर्षं पेटकर त्या यादीत एकटेच होते.

माणूस म्हणून पेटकर कसे, हे त्यांच्या पदकांइतकंच त्यांनी नाकारलेल्या गोष्टींवरूनही कळतं. युद्धात जायबंदी झालेल्या जवानांना टाटांनी मदत देऊ केली तेव्हा आपण पैसे नकोत, काम द्या असं सांगितलं, ही आठवण ते स्वतः सांगतात. पुण्यात टाटांच्याच टेल्को कंपनीत त्यांना नोकरी मिळाली आणि निवृत्तीपर्यंत ते तिथेच होते. सकाळची पाळी, पगार, संसार, मधल्या वेळात सराव. ज्या पुण्यात ते कामाला जात, तिथल्या फार थोड्यांना शेजारून जाणाऱ्या माणसाच्या घरात काय आहे याचा पत्ता असेल.

बोलताना ते हसतात, विनोद करतात, गोळ्यांचाही विषय हसत काढतात. पण कीव केलेली त्यांना चालत नाही. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. अपंग खेळाडूंना त्या पुरस्कारात जागा नव्हती. महाराष्ट्र शासनाने १९७५ मध्येच शिवछत्रपती पुरस्कार दिला होता, त्यामुळे हा नकार जास्तच लागला असणार. त्यांनी पदकं, कागद, कात्रणं आवरून ठेवून दिली आणि पुन्हा मागायला गेले नाहीत. बॉक्सिंगमध्ये पंचांचा निकाल पटला नाही तरी रिंगमध्ये वाद घालत नाहीत, प्रतिस्पर्ध्याच्या हाताला हात लावून खाली उतरतात. पेटकर तसेच उतरले. ही शांती पचायला सोपी नसते. त्यांनी ती जवळजवळ साडेतीन दशकं पचवली.

पेठच्या मुलाला फौजेने हेरलं नसतं तर तो तालमीतच राहिला असता, किंवा शेतावर. महाराष्ट्रातल्या खेड्यातून बॉक्सर निघायचा तर त्याला घराबाहेर काढून खाऊपिऊ घालणारी, रोज रिंगमध्ये उतरवणारी संस्था लागते, हे गणित साठ वर्षांत बदललेलं नाही. संस्था मात्र बदलली. पूर्वी ते काम सैन्याची मुलांची तुकडी करायची, आता राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी करतात. गावच्या शाळेतल्या आठ-दहा वर्षांच्या मुलांची चाचणी घेतात: उंची, वजन, ३० मीटर धाव, ८०० मीटर धाव, जागेवरून उभी उडी, मेडिसिन बॉल फेकणं, मागे-पुढे पळणं, कमरेतून वाकणं. यातून निवडलेल्या मुलांना वसतिगृहात ठेवून शाळा आणि खेळ दोन्ही शिकवतात. विदर्भात अकोल्याची प्रबोधिनी बॉक्सिंगसाठी नावाजलेली आहे.

याच अकोल्याने बुलडाणा जिल्ह्याला त्याचा मुष्टियोद्धा दिला. कापूस-सोयाबीनच्या या जिल्ह्यात गावोगाव कुस्तीचे फड रंगतात, कबड्डीची मैदानं आखली जातात. दोऱ्यांचं चौकोनी रिंग मात्र शोधावं लागेल. अशा ठिकाणचा अनंता प्रल्हाद चोपडे अकोल्याला तयार झाला. जुलै २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या लाबुआन बाजो इथे प्रेसिडेंट्स कपमध्ये ५२ किलो गटाच्या अंतिम लढतीत त्याने अफगाणिस्तानच्या रहमानी रमीशला ५-० असं हरवलं. पाचही पंचांचा कौल त्याच्या बाजूने. भारताने त्या स्पर्धेत सात सुवर्ण आणि दोन रौप्य अशी नऊ पदकं जिंकली. मेरी कोमही त्याच संघात होती आणि मथळे अर्थातच तिच्या नावाचे होते. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेने वजनगट बदलले, ५२ किलोचा गट राहिला नाही. ५२ किलोच्या बॉक्सरपुढे तेव्हा दोनच मार्ग उरले: आणखी उपाशी राहून ५१ मध्ये उतरायचं किंवा अंग भरून ५४ मध्ये जायचं. अनंताने दुसरा मार्ग धरला आणि एप्रिल २०२२ मध्ये थायलंडच्या फुकेत इथे यजमानांच्या रितिमोन सेंगसावांगला ५-० ने हरवून ५४ किलोचं सुवर्ण आणलं. त्याच स्पर्धेत जागतिक रौप्यविजेता अमित पंघाल अंतिम फेरीत हरला होता.

ही पदकं परदेशात जिंकली गेली तेव्हा बुलडाण्यात ती कितीजणांनी थेट पाहिली असतील? हौशी बॉक्सिंगला टीव्हीची लाडकी वेळ मिळत नाही. ऑलिंपिक किंवा आशियाई पदक असेल तरच त्या आठवड्यापुरता उजेड. बाकी सगळा काळ बॉक्सर आपल्या वजनाच्या काट्यासोबत, जोडीदारासोबत आणि प्रशिक्षकासोबत एकटा असतो. टोकियोहून परतलेल्या पेटकरांचं स्वागत कुणी केलं असेल तर ते युनिटमधल्या दोस्तांनीच.

पेटकरांवर उजेड पडला तो फार उशिरा. २०१८ मध्ये पद्मश्री. जून २०२४ मध्ये कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ आला, कार्तिक आर्यनने पेटकरांचं काम केलं, आणि ऐंशीच्या घरातल्या या गृहस्थांना लोक रस्त्यात ओळखू लागले. १९८२ मध्ये नाकारलेला अर्जुन पुरस्कार अखेर आजीवन कामगिरीच्या विभागात जाहीर झाला. १७ जानेवारी २०२५ ला राष्ट्रपती भवनात द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो त्यांना मिळाला, तेव्हा त्यांचं वय ८० होतं. त्याच समारंभात बुद्धिबळाचा विश्वविजेता गुकेश आणि नेमबाज मनू भाकर यांना खेलरत्न देण्यात आलं. मुष्टियुद्धासाठी त्या वर्षीचे अर्जुन पुरस्कार नीतू घंघास आणि स्वीटी बुरा या दोघी हरियाणवी बॉक्सरना होते. पेटकरांच्या नावापुढे खेळ लिहिला होता पॅरा-जलतरण.